सहादेवतात्याचा पासवर्ड आणि दहा बाय आठचा फ्लेक्स

कोल्हारहून प्रवरेच्या काठानं थोडं आत गेलं की टेकवाडी लागते. नाव टेकवाडी, पण गावात टेकडी नाही. सगळ्यात उंच वस्तू म्हणजे पाण्याची टाकी आणि तिच्याखालोखाल सरपंच बिभीषणाची मान. तिसरा नंबर सहादेवतात्याचा, कारण टाकीतलं पाणी कोणत्या आळीला कधी सोडायचं हे चोवीस वर्षं तोच ठरवत आला होता.

ग्रामपंचायतीच्या कागदावर तो पाणीपुरवठा कर्मचारी. गावाच्या मनात त्याची जागा भैरवनाथाच्या खाली आणि तलाठ्याच्या वर. कंबरेला दोन फुटी लोखंडी पाना अडकवून तो व्हॉल्व्ह उघडायला निघाला की बाया भांडण अर्धं सोडून हंडे मांडायला पळायच्या. लग्नाची पहिली पत्रिका देवाला, दुसरी त्याला. एकदा त्याला ताप आला, तर वरच्या आळीनं तो बरा व्हावा म्हणून नवस केला आणि खालच्या आळीनं होऊ नये म्हणून, कारण त्या दिवशी खालचा व्हॉल्व्ह उघडाच राहिला होता. खोटं वाटत असेल तर टेकवाडीत जाऊन विचारा. तिथं कुणी खरं सांगत नाही, ही गोष्ट वेगळी.

मग गावात योजना आली. नगरहून निवेदिता मॅडम नावाच्या इंजिनीअर बाई आल्या, त्यांनी प्रत्येक व्हॉल्व्हला एकेक मोटर बसवली आणि सहादेवच्या हातात एक मोबाईल दिला.

"काका, आता पान्याचं काम संपलं. ह्या अ‍ॅपमध्ये जायचं, पासवर्ड टाकायचा, आळीच्या नावावर बोट ठेवायचं. पाणी सुरू."

"आन पासवर्ड म्हंजी?"

"किल्ली. पण शब्दांची. ज्याला ती कळेल त्याला त्याच्या फोनवरूनही पाणी सोडता येईल. म्हणून कुणाला सांगायची नाही. काकूंनासुद्धा नाही."

सहादेवनं चोवीस वर्षांत पान्याला कुणाला हात लावू दिला नव्हता. न दिसणारी किल्ली राखायला कितीसे कष्ट लागतात, असं म्हणून त्यानं पहिला पासवर्ड ठेवला: एक ते आठ आकडे, ओळीनं.

तो सकाळी ठेवला आणि चहाच्या वेळेपर्यंत फुटला.

फोडणारा गहिनीनाथ. हा सरपंचाचा सख्खा मेहुणा. खालच्या आळीला राहायचा, दारात चौदा जर्सी गाया, आणि त्या रोज आंघोळ करायच्या. गावातली माणसं करायची नाहीत, पण त्या करायच्या. शिवाय गहिनीनाथला नुसतं पाणी नको होतं, त्याला पाणी सोडणारा व्हायचं होतं. दुसरी पत्रिका आपल्याला यावी, ही त्याची लहानपणापासूनची इच्छा.

सहादेवनं दुसरा पासवर्ड ठेवला चंद्री. हे त्याच्या म्हशीचं नाव. ती म्हैस रोज संध्याकाळी हरवायची आणि तो गावभर तिच्या नावानं ओरडत फिरायचा. हा पासवर्ड दोन दिवस टिकला, तोही म्हैस त्या दोन दिवसांत घरीच होती म्हणून.

तिसऱ्या वेळी डोकं चालवून त्यानं स्वतःच्या लग्नाची तारीख ठेवायचं ठरवलं. कुणाला माहीत असणार? कुणालाच नव्हती. त्यालाही नव्हती. म्हणून त्यानं बायकोला, छबूबाईला, विचारलं. ती शेजारणीकडं विरजण आणायला गेली होती. तिनं तिथूनच सांगितलं.

"बावीस मे! तीस वरसं भाकऱ्या थापल्या ह्या मानसाच्या, आन त्याला तारीख ठाऊक न्हाई! बावीस मे वो, बावीस मे!"

प्रवरेच्या पलीकडल्या काठानंसुद्धा लिहून घेतली.

चौथा पासवर्ड खरोखर अवघड होता, इतका की लक्षात राहीना. तेव्हा सहादेवनं तो पंपाच्या खोलीत भिंतीवर कोळशानं लिहिला, आणि कुणाला शंका येऊ नये म्हणून खाली ठळक अक्षरात लिहिलं, 'हा पासवर्ड नाही.'

त्या दिवशी गहिनीनाथच्या गायांनी दोनदा आंघोळ केली. वरच्या आळीच्या बायांनी रिकामे हंडे ग्रामपंचायतीच्या पायरीवर आणून असे वाजवले की बिभीषणाला जेवणावरून उठावं लागलं.

त्यानं सहादेवला बोलावलं. गहिनीनाथ आधीच खुर्चीत बसलेला.

"तात्या," बिभीषण म्हणाला, "म्हैन्यात चार पासवर्ड फुटले. तीन आठवड्यांवर भैरवनाथाची यात्रा. चार हजार मानूस येतंय. टाकी त्या दिवशी सकाळी रिकामी झाली तर पाव्हन्यांना काय गायांची धार पाजू?"

"गायांची तयारी हाय, दाजी," गहिनीनाथ म्हणाला.

"तू गप. तात्या, अजून एकदा पासवर्ड फुटला की फोन ह्याच्याकडं. मग मला बोल लावायचा न्हाई."

सहादेव बाहेर आला आणि पायरीवरच बसला. पाना गेला ते चाललं. पण पाणी सोडायचं कामच गेलं तर सकाळी उठून माणसानं करायचं काय? म्हशीला हाका मारत फिरायचं?

त्यानं निवेदिता मॅडमला फोन लावला. तिकडं एक मोठा सुस्कारा ऐकू आला.

"काका, महिन्यात चार वेळा पासवर्ड बदलणारं दुसरं गाव माझ्या यादीत नाही. मी आता कुलूप घातलंय. ह्यापुढचा बदल माझ्याकडून मंजूर झाल्याशिवाय होणार नाही. रविवारी माझा फोन बंद असतो, हे पण लक्षात ठेवा."

"पर ठेवू काय, मॅडम? जे ठेवतो ते समद्यांना ठाऊक."

"कारण तुम्ही घरातलं ठेवता. म्हैस नको, लग्न नको, देव नको. ज्यांचा एकमेकांशी काडीचा संबंध नाही असे चार-पाच शब्द घ्या. त्यांचं एक वाक्य करा, जे आजवर कुणी बोललं नाही आणि पुढंही बोलणार नाही. मराठीत चालेल. मध्ये एक आकडा, शेवटी एक चिन्ह. लांब असू दे. आणि वेडगळ असू दे, म्हणजे तुम्हाला विसरता येणार नाही."

तीन दिवस सहादेव टाकीच्या सावलीत बसून वेडगळ वाक्य शोधत होता. शहाणा माणूस वेडगळ बोलतो ते न ठरवता. ठरवून बोलायचं म्हटलं की जमत नाही. पहिल्या दिवशी त्याला सुचलं ते सगळं खरं होतं. दुसऱ्या दिवशी सुचलं त्यात सरपंच येत होता. तिसऱ्या दिवशी दुपारी वरून शिर्डीकडं जाणारं विमान गेलं, हातात तंबाखू होती, डब्यात वांग्याची भाजी होती, आणि सहादेवच्या डोक्यात वीज चमकावी तसं वाक्य उतरलं:

वांग्याचा जावई ७ वेळा विमानात चुना मागतो!

तो स्वतःशीच इतका हसला की टाकीवरची कबुतरं उडाली. मॅडमनं मंजुरी दिली, पासवर्ड बसला.

मग टेकवाडीनं जे पाहिलं ते कुठल्या पोथीत नाही. खालची आळी पासवर्डावर तुटून पडली. चुकीचा पासवर्ड पाचदा टाकला की अ‍ॅप त्या फोनशी तासभर बोलायचं नाही, अशी सोय होती. दोन दिवसांत खालच्या आळीतले एकेचाळीस फोन तोंड फुगवून बसले. तेहेतीस कोटी देवांपैकी निम्मे टाकून झाले. सहादेवच्या सासुरवाडीच्या कुत्र्यापर्यंत नावं टाकून झाली. राहुरीकडून गहिनीनाथनं एक कॉम्प्युटर क्लासवाले सर गाडी करून आणले. ते लिंबाखाली तीन तास बसले, दोन ताटं भजी खाल्ली आणि उठताना म्हणाले, "हा पासवर्ड माणसानं केलेला नाही."

मग लालूच. गहिनीनाथनं कोंबडं कापलं आणि तात्याला जेवायला बोलावलं. तात्या गेला, तंगडीपासून मानेपर्यंत सगळं खाल्लं, रस्सा दोनदा मागून घेतला आणि हात धुऊन परत आला.

"तात्या, निदान पैलं अक्षर तरी?"

"मीठ जरा कमी हुतं, गहिन्या."

घरी छबूबाईनं मात्र नीट बोलणं टाकलं होतं. बाकीच्यांना सांगू नये हे तिला पटत होतं. पण आपण बाकीच्यांत मोडतो हे पटत नव्हतं. ताट आपटून पुढं यायचं, आणि सोबत एखादं वाक्य.

"वाढू का, का जेवनाला बी पासवर्ड हाय?"

"अगं, मॅडमनंच सांगितलंय, काकूला बी न्हाई म्हनून."

"व्हय. मॅडम भाकऱ्या थापत्यात ना तुमच्या."

आणि ह्या सगळ्यात सहादेवला एक दुखणं जडलं, जे त्याला कुणाला सांगता येईना. आयुष्यात त्यानं स्वतः बनवलेली अशी ही एकच चीज. घर बापानं बांधलेलं, म्हैस सासऱ्यानं दिलेली, टाकी सरकारची. हे वाक्य तेवढं अस्सल त्याचं. आणि असं फक्कड वाक्य करून त्याला एक माणूस 'वा' म्हणायला नव्हता. व्हॉल्व्ह उघडताना तो ते रोज टाकायचा आणि रोज एकटाच हसायचा.

यात्रेला पाच दिवस राहिले तेव्हा बिभीषणानं ग्रामपंचायतीत जाहीर केलं की पासवर्ड राखून गावाचं नाव काढल्याबद्दल सहादेवतात्याचा यात्रेत जाहीर सत्कार होईल. शाल, नारळ, फेटा. आणि सत्कार म्हटला की फ्लेक्स आलाच. आपल्याकडं माणूस जन्मला हे जन्माच्या दाखल्यावरून कळतं, पण तो आहे हे फ्लेक्सवरूनच.

चोवीस वर्षांत सहादेवला कुणी साधा रुमाल दिला नव्हता. तो दाढी करून, इस्त्रीचा सदरा घालून स्वतः कोल्हारला आदिनाथ फ्लेक्सवाल्याकडं गेला. आदिनाथ मूळचा नेवाशाचा. मान खाली घालून दिवसाला तीस वाढदिवस छापायचा.

"फोटो द्या. नाव सांगा. पद काय?"

"पद न्हाई."

आदिनाथनं पहिल्यांदा मान वर केली. "नावाखाली काय तरी पायजे, काका. नुसतं नाव म्हंजी बिनमिठाचं पिठलं. कार्यसम्राट टाकू?"

"ते सरपंच हायेत."

"विकासपुरुष?"

"ते बी सरपंच. म्हंजी मागच्या दिवाळीपासून."

"युवा नेते?"

"ते त्यांचं वडील."

तीनशे उंबऱ्यांच्या गावात एक पदवी मोकळी सापडेना. आदिनाथ पेन आपटत म्हणाला, "मग सत्कार कशाबद्दल हाय, ते तरी सांगा."

"पासवर्डाबद्दल. लई अवघड पासवर्ड केलाय मी. राहुरीच्या सरांनी हात टेकले."

"असं काय हाय त्यात?"

झालं. दोन आठवड्यांत हा प्रश्न विचारणाऱ्या प्रत्येकाला पाणी हवं होतं. ह्या माणसाला पाण्याशी घेणं नव्हतं. कोल्हारला दुकान, नेवाशाला घर, टेकवाडी त्यानं फक्त फ्लेक्सवर पाहिलेली. सहादेवनं दाराकडं बघितलं, टेबलावरचा चिठोरा ओढला आणि शाळेतल्यासारख्या अक्षरात ते वाक्य लिहून त्याच्यापुढं सरकवलं.

"वाच. मनातल्या मनात."

आदिनाथनं वाचलं. मग पुन्हा वाचलं. मग त्याला असं हसू फुटलं की खुर्ची मागं गेली. "वा, काका! चुना! वांग्याचा जावई, आन चुना! एक नंबर!"

सहादेवच्या अंगावरून मोराचं पीस फिरलं. आदिनाथनं चहा मागवला, दोघं तो पुन्हा पुन्हा हसत प्याले, आणि सहादेव तरंगत एसटीत जाऊन बसला. चिठोरा टेबलावरच राहिला. आता फ्लेक्सच्या दुकानात टेबलावर जो कागद राहतो तो मजकूर असतो. तो कुणाचा, कशाचा, हे दुकानात कुणी विचारत बसलं तर वाढदिवस उलटून जाईल.

यात्रा रविवारी. सकाळी अंघोळ करून, फेट्यासाठी डोक्याला तेल लावून सहादेव देवळापुढच्या मांडवात आला आणि तिथंच थांबला.

दहा बाय आठचा फ्लेक्स स्टेजच्या मागं ताणून बांधला होता. वर भैरवनाथ. डावीकडं बिभीषण, हात जोडून. उजवीकडं सहादेव, गालाला गुलाबी रंग मारलेला. नाव लाल अक्षरात. आणि नावाखाली, पिवळ्या पट्टीवर, बैलगाडीच्या चाकाएवढ्या अक्षरात:

वांग्याचा जावई ७ वेळा विमानात चुना मागतो!

आकडा होता. उद्गारचिन्हसुद्धा होतं. आदिनाथच्या दुकानात शुद्धलेखन चोख.

सहादेवच्या तोंडचं पाणी पळालं. त्यानं फोन काढून मॅडमला लावला. बंद. रविवार. पुन्हा लावला. बंद. म्हणजे दिवसभर टाकीची किल्ली देवळापुढं टांगलेली, आणि ती बदलायची सोय नाही. फ्लेक्स ओढून काढावा म्हणून तो दोन पावलं पुढं झाला आणि थबकला. काढला तर लोक विचारणार, का काढला? आणि का काढला हे टेकवाडीला एकदा विचारावंसं वाटलं की उत्तर मिळेपर्यंत टेकवाडी जेवत नाही.

तेवढ्यात बिभीषण तरातरा आला. चेहरा लाल.

"तात्या, हे काय छापलंय? मला सरळ सांगा. माझ्या जावयाला बोललात ना?"

सहादेवच्या तेव्हा ध्यानात आलं की सरपंचाचा जावई दुबईला असतो, विमानानं येतो आणि तंबाखू खातो.

"आईच्यान न्हाई, सरपंच! छापनाऱ्याची चूक हाय. उतरवूया का? आत्ताच्या आत्ता उतरवू."

बिभीषण दोरीला हात घालणार होता. मग त्यानं चारी बाजूला बघितलं. शंभरेक माणसं फ्लेक्सकडं बघत होती.

"नगं," तो दातओठ खात म्हणाला. "उतरवला तर लोक म्हनतील, सरपंचाला झोंबलं. राहू द्या. आन तुमी हसत ऱ्हावा."

दोघं फ्लेक्सखाली उभे राहून हसू लागले.

लोक येऊन वाचून जात होते. एक म्हातारा म्हणाला, भारुड असावं. एकीनं पोराला मोठ्यानं वाचायला लावलं. गहिनीनाथ आला, कमरेवर हात ठेवून दोनदा वाचलं, खिशातनं फोन काढला, आणि सहादेवनं डोळे मिटून घेतले. गहिनीनाथनं फ्लेक्सचा फोटो काढला, स्टेटसला टाकला आणि खी खी करत नारळ घ्यायला गेला.

छबूबाई आली ती गर्दीतून वाट काढत. तिनं फ्लेक्स एकदाच वाचला. मग नवऱ्याकडं बघितलं. रोज सकाळी पाणी सोडताना ह्याचे ओठ कसे हलतात, मध्येच बोटं कशी सात मोजतात आणि शेवटी हा कसा दात काढतो, हे ती दोन-अडीच आठवडे चुलीपुढून बघत होती.

"ह्योच ना?" तिनं हळूच विचारलं.

सहादेवनं मान हलवली.

"मला सांगायचा नव्हता. आन कोल्हारच्या मानसाला सांगितला."

"छबे, चुकलं गं. त्यो वा म्हनला."

"तोंड मिटा," ती म्हणाली. "आन मिटूनच ठेवा." आणि बायकांत जाऊन बसली.

तोंड मिटून ठेवायला हरकत नव्हती. पण शाल घालून झाली, फेटा बांधून झाला, बिभीषणानं भाषण केलं, आणि गहिनीनाथ माईकपाशी आला. हातात देवापुढचं गुलालाचं ताट.

"मंडळी! सत्काराला माझी ना न्हाई. पर एक शंका हाय. ज्या मानसाला सवताच्या लग्नाची तारीख ठाऊक न्हाई, त्याला येवढा अवघड पासवर्ड पाठ कसा? मागल्या बारीला ह्यांनी भितीवर लिवला हुता. आता बी कुठं तरी लिवलेला असनारच. आन लिवलेला असंल तर आज न्हाई उद्या फुटनार. मग फोन माझ्याकडं द्या, दाजींनी तसं ठरिवलंय. तात्या, भैरवनाथाच्या गुलालावर हात ठिवा आन सांगा. पासवर्ड कुठं लिवलेला हाय का न्हाई?"

वरच्या आळीचे लोक पुढं झुकले. एरवी सहादेवतात्या दिवसाला दहा थापा मारायचा. 'पाइप फुटलाय', 'लाइट नव्हती', 'आलोच'. पण गुलालाची गोष्ट निराळी. त्यावर हात ठेवून खोटं बोललेल्या एकाची मिशी एकाच बाजूनं गळून पडली होती आणि पुढं त्याला सोयरीक मिळाली नव्हती.

सहादेवनं हात ठेवला. तो इतका जोरात ठेवला की गुलाल उडून शालीवर पडला.

"हाय," तो म्हणाला. "लिवलेला हाय."

लोकांत हूं अशी लाट गेली. बिभीषणानं डोक्याला हात लावला. गहिनीनाथचा आवाज चढला.

"कुठं? समद्यांसमोर सांगा, कुठं?"

देव समोर, गुलाल हाताला. सहादेवनं मान न वळवता अंगठा खांद्यावरून मागं केला.

"ह्यो काय. मागं. फ्लेक्सवर."

चार हजार डोकी फ्लेक्सकडं वळली. ओठ हलवत सगळ्यांनी ते वाक्य पुन्हा वाचलं.

आणि बायकांच्या बाजूनं कुणी तरी हसलं. कुणी तरी म्हणजे छबूबाई. ती साधी हसली नाही. ती मांडीवर थाप मारून, डोळ्याला पदर लावून, शेजारणीच्या अंगावर रेलून हसली. "अगं बया! फ्लेक्सवर म्हनं! पासवर्ड फ्लेक्सवर!"

शेजारीण हसली. मग बायकांची बाजू, मग पुरुषांची, मग खेळणीवाले, पाळणेवाले. मांडवाचे बांबू हलायला लागले. कारण विचार करा, फ्लेक्सवर आजवर कधी खरं छापलंय? त्याच फ्लेक्सवर बिभीषण 'भावी आमदार' होता. पंचाहत्तर वर्षांचे त्याचे वडील युवा नेते होते. नगर जिल्ह्यात फ्लेक्स वाचतात सगळे, मानत कुणी नाही. माणूस एक वेळ भिंतीवरच्या 'हा पासवर्ड नाही'वर शंका घेईल, पण दहा बाय आठच्या फ्लेक्सवर विश्वास ठेवेल असा मूर्ख टेकवाडीत अजून जन्मायचा होता.

"जिरवली गहिन्याची!" वरच्या आळीतून कुणी ओरडलं.

गहिनीनाथ स्वतःच पोट धरून हसत होता. "तात्या, मानलं! गुलालावर हात ठिवून चेष्टा! तुमच्या पासवर्डाला आता हात लावत न्हाई."

बिभीषण सगळ्यात जोरात हसला, कारण जावयाचं प्रकरण त्या हसण्यात बुडालं. त्यानं माईकवरून सांगून टाकलं की टाकीत पाणी आहे तोवर फोन तात्याकडंच राहील. टाळ्या पडल्या. संध्याकाळपर्यंत चार हजार पाव्हणे पाणी प्याले, त्यांनी तोंडं धुतली, तरी टाकी अर्धी उरली. आणि दिवसभर तो पासवर्ड वाऱ्यानं फडफडत होता.

सहादेव मात्र शालीत घुसमटून बसला होता. काम वाचलं ह्याचा आनंद होताच. पण आयुष्यात पहिल्यांदा चार हजार माणसांपुढं खरं बोलला, आणि एकानं विश्वास ठेवला नाही, हे काही केल्या गिळवत नव्हतं.

विश्वास ठेवणारं एक माणूस निघालं. सोमवारी दहाच्या ठोक्याला नगरहून फोन आला.

"काका! तुमच्या गावातल्या कुणाच्या तरी स्टेटसचा फोटो फिरत फिरत माझ्यापर्यंत आलाय. चार बिनसंबंधाचे शब्द, मध्ये आकडा, शेवटी चिन्ह. हा पासवर्ड आहे ना? खरं सांगा!"

"कालच सांगितलं हुतं, मॅडम. समद्यांसमोर. कुनी ऐकंना."

मग मॅडम अगदी हळू बोलल्या, जसं आपण सापाशेजारी बसलेल्या माणसाशी बोलतो. "मी बदल मंजूर केलाय. आत्ता, फोन न ठेवता, नवा टाका. आणि ह्या वेळी हसू येईल असा नको. हसू आलं की माणूस दुसऱ्याला सांगायला जातो. असा ठेवा, की कुणी तुमची मान कापली तरी तुमच्या तोंडून निघणार नाही."

सहादेव ओसरीवर बसला. समोर छबूबाई सुपात डाळ निवडत होती. कालपासून ती एक शब्द बोलली नव्हती. चहा मात्र दोनदा दिला होता, आणि आपटून नव्हता दिला.

मान कापली तरी निघणार नाही. तसं काय असतं माणसाकडं? चोऱ्यामाऱ्या गावाला ठाऊक. थापा गावाला ठाऊक. सहादेवनं सुपाकडं बघितलं. डाळीत खडा सापडला की ती तो अंगणात भिरकावायची. काल मांडीवर थाप मारणारा हात तोच होता.

आणि त्याला सापडलं. असली गोष्ट टेकवाडीत कुणी बायकोला म्हटलेली नाही. लग्नात नाही, मरताना नाही. एखाद्यानं ती म्हटल्याचं उघडकीला आलं तर त्याला गाव सोडून नेवाशाला जाऊन राहावं लागेल. फ्लेक्सवर तर ती पैसे देऊनसुद्धा कुणी छापणार नाही.

तो एकेक अक्षर दाबू लागला. दोन अक्षरांनंतर घाम फुटला. मध्ये आकडा हवा म्हणून त्यानं तीस टाकला. शेवटी उद्गारचिन्ह.

"झालं का काका?" मॅडमनी विचारलं.

"झालं."

"अवघड आहे ना?"

"लई," सहादेव म्हणाला.

छबूबाईनं सुपातून मान वर केली. "कान का लाल झालं तुमचं? मॅडम रागावल्या काय?"

"ऊन लागतंय," सहादेव म्हणाला आणि फोन उलटा करून मांडीखाली ठेवला.

ओसरीवर ऊन नव्हतं. ते तिनं बघितलं आणि पुन्हा डाळीत खडे शोधू लागली.